तिसऱ्या नॉबची खूण

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्यावर लगेच झाकण शोधू नका. मला झाकण नाही आणि माझ्यात खाऊही नाही. कागदोपत्री माझं नाव ऑडिओ इंटरफेस. पण ज्या घरात मी राहतो तिथे मला सगळे डबाच म्हणतात, आणि खरं सांगू का, मलाही तेच बरं वाटतं.

माझं काम काय, ते आधी सांगतो. माणूस माइकमध्ये बोलतो. पण कॉम्प्युटरला आवाज कळत नाही, त्याला कळतात फक्त आकडे. म्हणून मधे मी बसतो. एका बाजूने आवाज घ्यायचा, त्याचे आकडे करायचे आणि दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटरच्या हवाली करायचे. मग कॉम्प्युटरवर त्या आवाजाची कापाकापी आणि जोडाजोडी करता येते. मध्यस्थाच्या नशिबी दोन्हीकडून बोलणीच असतात. आवाज चांगला आला की माइकचं कौतुक, खराब आला की डब्याचा दोष. असो, सवय झाली आहे.

माझ्या तोंडावर माइकसाठी दोन भोकं आहेत, एक दिवा आहे आणि तीन नॉब आहेत. पहिल्या नॉबने माइक किती मोठ्याने ऐकायचा ते ठरतं. दुसऱ्याने हेडफोनमध्ये किती मोठं ऐकू यावं ते ठरतं. तिसऱ्याकडे मात्र नीट लक्ष द्या. तो उजवीकडे असला की बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज थेट माझ्याकडून, त्याच क्षणी कानात मिळतो. डावीकडे असला की कॉम्प्युटर जे परत पाठवतो ते मिळतं. एवढासा नॉब, पण त्याने एकदा असं रामायण घडवलं की विचारू नका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझं अंग केलं, आत हिरवी पाटी बसवली, तिच्यावर मुंगीएवढाले भाग चिकटवले, चार स्क्रू आवळले आणि झालो मी तयार. शेवटच्या टेबलावर तपासणीच्या बाई बसायच्या. त्या प्रत्येक डब्याला माइक लावून "एक, दोन, तीन" म्हणायच्या. माझी पाळी आली आणि बाईंना नेमकी सर्दी! "एक" म्हणाल्या, "दोन" म्हणाल्या आणि तीनच्या जागी अशी सणसणीत शिंक आली की माझा दिवा आयुष्यात पहिल्यांदा लागला तोच लालभडक. लाल म्हणजे आवाज झेपला नाही, फाटला. बाईंनी नाक पुसलं आणि हसून म्हणाल्या, "ऐकू येतंय रे बाबा तुला. जा!" माझ्या पाठीवर त्यांनी हिरवी चिठ्ठी चिकटवली आणि मी खोक्यात गेलो.

खोक्यातून निघालो तो एका दुकानाच्या फळीवर. दुकानदारांना सगळे कानसेन म्हणत. गाण्याची एक ओळ त्यांना धड यायची नाही, पण ऐकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून गिऱ्हाईक घेणार आहे की नुसतं बघून जाणार आहे, हे ते सांगायचे. माझ्या शेजारी माझा थोरला भाऊ होता. आठ माइक लागणारा, रुंद, चकचकीत. तो माझ्याशी बोलतही नसे.

एके दिवशी एक तरुण मुलगी आली. तिला मी भाचीच म्हणणार आहे, कारण या गोष्टीत तिची आत्या यायची आहे. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्या कॉम्प्युटरवर कापून, जुळवून ऐकण्याजोग्या करायच्या, असं काम तिने नुकतंच सुरू केलं होतं. कुठेकुठे वाचून तिने भलीमोठी यादी आणली होती.

"काका, तो मोठा द्या. आठवाला."

कानसेननी चष्मा कपाळावर ढकलला. "एका वेळी किती तोंडं बोलणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे माणसं गं! समोर बसून एकदम किती जण बोलणार?"

"एक. फार तर दोन."

"मग उरलेल्या सहा भोकांत काय, मधमाश्या पाळणार आहेस?"

थोरल्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मला आतून इतकं हसू आलं, पण डब्याला हसता कुठे येतं!

"बरं," भाची म्हणाली, "पण माइक मात्र हाच हवा. टाचणी पडली तरी टिपतो म्हणे."

"घर कुठे आहे?"

"रस्त्यालाच. खाली पत्रे ठोकणाऱ्याचं दुकान आहे."

"मग तो तुला टाचणी ऐकवेल आणि दिवसभर पत्रेही ऐकवेल. हा घे. याच्या अगदी तोंडाजवळ गेल्याशिवाय याला ऐकू येत नाही. जरा बहिराच आहे, पण तुझ्या खोलीला असाच जावई पाहिजे." मग त्यांनी कान पूर्ण झाकणारे हेडफोन काढले, म्हणजे कानातला आवाज बाहेर सांडून पुन्हा माइकमध्ये शिरणार नाही. "आणि कपड्यांचं कपाट आहे ना? त्याचं दार सताड उघडं टाकायचं आणि त्याच्यासमोर बसून बोलायचं. कपडे आवाज गिळतात, खोली घुमत नाही. ते कपाट मात्र माझ्याकडे मिळत नाही हं."

अशा रीतीने मी, बहिरा माइक आणि हेडफोन असे तिघे भाचीच्या घरी आलो. पुढची सहा वर्षं मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. विहिरी खोदणारा आला, सुईण आली, लिफ्ट दुरुस्त करणारा आला. एक घड्याळवाले आजोबा आले. आमच्या माइकला त्यांच्या हातातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईना, तेव्हा त्यांना इतका राग आला की त्यांनी घड्याळ काढून माइकच्या नाकालाच लावलं. भाची हसत हसत म्हणाली, "आजोबा, आता वाढदिवसाला माइकला घड्याळच देऊ." कामाला बसताना रोज ती माझ्या डोक्यावर टिचकी मारायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "हा डबा म्हणजे माझा उजवा हात आहे." मी फुशारून जायचो. का जाऊ नये?

पण मित्रांनो, सगळे दिवस सारखे नसतात. भाचीला मोठ्या स्टुडिओत काम मिळालं. तिथे सगळं तयार होतं, डब्याची गरजच नव्हती. गरज सरो, वैद्य मरो! मी गेलो खणात. तिथे जुने चार्जर, तुटलेला चष्मा आणि कुठल्यातरी हरवलेल्या कुलपाची किल्ली होती. माझा एक रबरी पाय निखळून पडला. चार वर्षं मी एक शब्द ऐकला नाही. ऐकण्यासाठीच जन्मलेल्याला ही शिक्षा फार मोठी असते. मला खूप वाईट वाटायचं.

आता आत्यांबद्दल सांगतो. आत्या तीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायच्या. त्यांचा चेहरा कुणाला माहीत नव्हता, पण त्यांनी बाजारात "अर्धा किलो द्या" म्हटलं की भाजीवाला दचकून वर बघायचा आणि विचारायचा, "बाई, साडेदहाची वेळेवर आहे ना?" मग स्थानकावर यंत्र आलं, घोषणा यंत्र करू लागलं आणि आत्या घरी बसल्या. लग्न केलं नव्हतं, घरात एकट्याच. आधी त्या गप्प राहू लागल्या, मग लवकर झोपू लागल्या. भाचीला त्यांची काळजी वाटायची.

एक दिवस अंध मुलांच्या शाळेतल्या बाई भाचीकडे आल्या. शेवटच्या वर्षाला अकरा मुलं, परीक्षा सात आठवड्यांवर, आणि इतिहासाचं पुस्तक बदललेलं. बोटांनी वाचायची आवृत्ती अजून निघाली नव्हती. "चौदा धडे आहेत," त्या म्हणाल्या. "कुणी स्वच्छ वाचून दिलं तर पोरं ऐकून पाठ करतील. नाहीतर या विषयात अकराही जण बुडाले म्हणून समज."

भाचीला लगेच आत्या आठवल्या. आणि आत्यांच्या पाठोपाठ मी आठवलो! तिने खण उघडला, माझ्यावर फुंकर मारली, पडलेल्या पायाच्या जागी पुठ्ठा चिकटवला आणि मला आत्यांच्या घरी नेऊन उघड्या कपाटासमोर मांडलं. सोबत तिचा जुना कॉम्प्युटर होता. तो बिचारा म्हातारा झालेला. दिलेला आवाज परत पाठवायचा, पण रमतगमत, उशिराने.

"हे बघ आत्या," भाची म्हणाली, "पहिला नॉब या खुणेपर्यंत, दुसरा या खुणेपर्यंत. बाकी काही बघायचं नाही. तू नुसतं वाच. ऐकणं, कापणं सगळं मी आल्यावर." तिने नखांच्या लाल रंगाने दोन नॉबना खुणा केल्या. तिसरा उजवीकडेच होता. त्याला कोण कशाला हात लावतंय, असं म्हणून तिने त्याला खूण केली नाही. मग ती दोन आठवड्यांसाठी परगावी कामाला गेली.

पहिल्या दिवशी आत्यांनी पहिला धडा वाचला. काय सांगू तुम्हाला! दगडी पायऱ्या उतरावं तसं एकेक वाक्य, ना धाप, ना अडखळ. माझा दिवा धडाभर हिरवागार होता. वाचून झाल्यावर आत्यांच्या गालांवर रंग आला होता. "झाली माझी पाळी," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी काय केलं? तीस वर्षं स्थानकातून निघताना करायच्या तेच. पाळी संपली की यंत्राचे सगळे नॉब डावीकडे, शून्यावर आणायचे आणि वर फडकं घालायचं. पहिला डावीकडे, दुसरा डावीकडे, आणि तिसराही डावीकडे!

अहो आत्या, तो नको! मी मनातल्या मनात किती ओरडलो. पण मला ऐकता येतं, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी दोन नॉब खुणेवर आणले, हेडफोन चढवला आणि दुसरा धडा उघडला. तिसरा नॉब तसाच राहिला. आता त्यांच्या कानात त्यांचाच आवाज कॉम्प्युटरच्या वाटेने, अर्ध्या शब्दाने उशिरा येत होता. मित्रांनो, कधी करून बघा. आपलाच आवाज कानात उशिरा पडला की भल्याभल्यांची जीभ अडखळते. आत्यांचीही अडखळली. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. शब्द लांबू लागले, अक्षरं दोनदा येऊ लागली.

त्यांनी वाचलेलं पुसून टाकलं. तिसऱ्या दिवशीही पुसलं. चौथ्या दिवशी त्या हेडफोन मांडीवर घेऊन नुसत्याच बसून राहिल्या आणि मला त्यांचं रडणं ऐकू आलं. शेजारीण डोकावली तेव्हा घाईघाईने डोळे पुसून म्हणाल्या, "कपाटातली धूळ गेली डोळ्यांत."

दोन आठवड्यांनी भाची परत आली. बघते तर वाचून झालेला एकच धडा!

"काय झालं गं आत्या?"

"तुझा डबा म्हातारा झालाय," आत्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "आवाज घुमतो त्याच्यात. मला नाही जमत. शाळेला सांग, दुसरं कुणी बघा म्हणावं."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी इतका दुखावलो की काय सांगू. ज्यांच्यासाठी मी जीव तोडून ऐकत होतो त्यांनीच माझ्यावर आळ घ्यावा? भाची म्हणाली, "एवढंच ना? नवीन घेऊ. चल आत्ताच कानसेनकाकांकडे." आत्या नको नको म्हणत होत्या, पण ती ऐकतेय कुठली. मी, माइक, हेडफोन आणि म्हातारा कॉम्प्युटर, सगळी वरात पिशवीत.

दुकान होतं तसंच होतं. कानसेनचे केस तेवढे पिकले होते. आणि फळीवर, तुम्हाला खोटं वाटेल, थोरला अजून तिथेच! धूळ खात. त्याला बघून मला वाईटही वाटलं आणि थोडंसं बरंही वाटलं.

"काका, याच्या बदल्यात चांगला नवा द्या. माइकही भारीतला द्या," भाची म्हणाली.

"आधी जुन्याचा गुन्हा तर कळू दे. नाडी न बघता औषध देणारा मी नाही." त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि आत्यांना म्हणाले, "बाई, घरी जसं लावता तसं सगळं तुम्हीच लावा. मी हात लावणार नाही."

आत्यांचा चेहरा उतरला. पण आता सुटका नव्हती. त्यांनी तारा जोडल्या, दोन नॉब खुणेवर आणले, हेडफोन घातला आणि पुस्तक उघडलं.

"त्या वर्षीईई न... नदीला, नदीला पू... पूर..."

भाची उभीच राहिली. तिने आत्यांना असं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. आत्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पदराने तोंड झाकलं.

"उगाच डब्याला बोल लावला गं मी," त्या म्हणाल्या. "डबा चांगला आहे. माझीच जीभ निकामी होत चालली आहे. बाबांचं असंच झालं होतं. आधी कानात घुमायला लागलं, मग जीभ जड झाली, मग हात गेला आणि मग सगळंच संपलं. पहिल्या दिवशी वाचलं, तेवढंच माझ्या नशिबात होतं."

"आत्या! आणि तू मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तू काम टाकून धावत आली असतीस. आणि त्या अकरा पोरांना काय सांगायचं होतं, की वाचणारीच मुकी व्हायला लागली म्हणून?"

मग कानसेननी हळूच विचारलं, "बाई, रागावू नका. पण आत्ता हे एवढं सगळं बोललात, त्यात एकदा तरी अडखळलात का?"

आत्यांनी मान वर केली.

"असं अडखळणं आधी कधी झालं होतं?" कानसेननी पुढे विचारलं.

"एकदाच. नोकरीच्या पहिल्या वर्षी. माझ्या केबिनची काच फुटली होती. बाहेरच्या भोंग्यांतून माझाच आवाज फिरून कानावर यायचा, उशिरा, आणि मग जीभ अशी..."

आत्या बोलता बोलता थांबल्या. त्यांनी हेडफोनकडे पाहिलं. तो पुन्हा कानावर चढवला आणि माइकजवळ जाऊन एवढंच म्हणाल्या, "फलाट क्रमांक चार." मग डोळे मिटून ऐकलं.

"उशिरा येतोय!" त्या ओरडल्या. "अगं, माझाच आवाज उशिरा येतोय! काच फुटलीय गं, काच!"

कानसेन खो खो हसू लागले. "तो तिसरा नॉब उजवीकडे घ्या, म्हणजे नवी काच बसेल."

आत्यांनी नॉब फिरवला. मी त्यांचा आवाज थेट त्यांच्या कानात दिला, जराही वेळ न लावता. आत्यांनी नदीच्या पुराचं ते पानच्या पान वाचून काढलं. वर हौसेने एक घोषणाही केली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." जिन्यावरून चढणारं एक गिऱ्हाईक घाबरून खालीच पळालं.

भाची आत्यांच्या गळ्यात पडली. "चूक माझी. दोन खुणा केल्या, तिसरी केली नाही."

"आणि नॉब फिरवला मी. पाळी संपली की सगळं शून्यावर! हात ऐकत नाही गं." मग आत्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "माफ कर हो बाबा. तुझ्यावर खोटा आळ घेतला."

माझा राग तिथल्या तिथे गेला. कानसेननी त्या दिवशी आम्हाला काहीही विकलं नाही. फक्त माझा पुठ्ठ्याचा पाय काढून तिथे नवा रबरी पाय बसवला. दुसऱ्या दिवशी भाची आत्यांना तरीही डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, जीभ ठणठणीत आहे, उलट तिला मधूनमधून विश्रांती द्या. ते काही आत्यांनी ऐकलं नाही. पुढच्या चार आठवड्यांत तेरा धडे झाले. भाची रोज येऊन खोकला, पान उलटल्याचा आवाज, खालून गेलेल्या मोटारीचा हॉर्न कापून टाकायची. प्रत्येक धड्याच्या शेवटी आत्या म्हणायच्या, "पुढचा धडा फलाट क्रमांक अमुकवरून सुटेल." तेवढं भाचीने कापलं नाही. शाळेत पोरं त्याच वाक्याची वाट बघायची, असं बाईंनी सांगितलं. अकराही जण पास झाले. एक इतिहासात पहिली आली.

मित्रांनो, आता मी खरोखरच म्हातारा झालो आहे. दिवा कधी कधी दोनदा टिचकी मारल्यावर लागतो. पण एक विनंती करतो. एखादी वस्तू चालेनाशी झाली तर ती फेकण्याआधी नीट बघा. तिचा एखादा नॉबच चुकून फिरलेला असेल. नवीन घेताना आधी स्वतःला विचारा, तोंडं किती आणि भोकं किती. आणि घरातलं एखादं माणूस अचानक अडखळू लागलं, गप्प बसलं, तर त्याला तर अजिबातच खणात टाकू नका. जवळ बसा आणि त्याच्या कानात काय ऐकू येतंय ते विचारा. मला विचारता आलं नाही, याचं दुःख मला अजून आहे.

परवा एक गंमत झाली. इतिहासात पहिली आलेली ती मुलगी आत्यांच्या घरी आली. आता धाकट्या वर्गासाठी तिला स्वतः वाचायचं आहे. पुस्तक बोटांखाली, आवाज तिचा. आत्यांनी तिला माझ्यासमोर बसवलं आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या. मुलीने माझ्या तोंडावरून बोटं फिरवली. पहिला नॉब, लाल रंगाचा वाळलेला थेंब. दुसरा नॉब, थेंब. मग तिसरा. तिथे आत्यांनी रंगाचे चार थर दिले आहेत, चांगला टपोरा उंचवटा झाला आहे.

"हा इकडेच ठेवायचा ना, आत्या?"

"इकडेच. आणि माझ्यासारखा शून्यावर नेऊ नकोस."

मुलगी हसली. तिने हेडफोन घातला, माझ्या डोक्यावर टिचकी मारली, माइककडे तोंड केलं आणि म्हणाली, "एक, दोन, तीन."

या वेळी शिंक आली नाही. माझा दिवा पहिल्याच टिचकीत लागला, हिरवागार.